बाली ते लोंबोक: फेरी, फास्टबोट की विमान? आईला घेऊन गेलो त्याची सगळी हकीकत

२०२५ चे गणपती गेले ६ सप्टेंबरला आणि त्याच आठवड्यात आमचं बालीचं नक्की झालं. भाऊबीज आटपून २४ ऑक्टोबरला रात्री मुंबईहून निघायचं, क्वालालंपूरला विमान बदलायचं, ६ नोव्हेंबरला परत. माणसं चार, मी, नवरा, १३ वर्षांची लेक आणि माझी आई, वय ६८. बालीचं कोणालाच टेन्शन नव्हतं, आमच्या सोसायटीतलीच तीन कुटुंबं जाऊन आलीयत. टेन्शन आलं ते लेकीने लोंबोक काढलं तेव्हा. तिला गिली बेटांवर समुद्रातली कासवं बघायची होती, नवऱ्याला रिंजानीचा डोंगर निदान लांबून तरी बघायचा होता, आणि लोंबोक म्हणजे बालीच्या पूर्वेचं शेजारचं बेट, नकाशात अगदी चिकटून दिसतं. पण मधे समुद्र आहे आणि तो कसा ओलांडायचा हे ठरवायला मला अक्षरशः पाच आठवडे लागले. तेव्हा मराठीत कोणी सविस्तर लिहिलेलं मला सापडलं नाही म्हणून हे लिहितेय, वयस्कर माणूस बरोबर असेल तर जास्तच उपयोगी पडेल.

आता आईची भीती सांगते, कारण सगळा निर्णय त्याच्याभोवती फिरला. आईचं माहेर रेवसजवळ. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. आईचा जन्म त्यानंतर १० वर्षांनी, पण तिकडच्या गावांमधे घरटी एक तरी गोष्ट आहे त्या बोटीची आणि ती ऐकतच आई मोठी झाली. ती आजही मांडव्याची बोट टाळून वडखळवरून एसटीने माहेरी जाते. त्यात १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला जाणारी बोट बुडाली ती सगळी टीव्हीवर बघितलेली, आणि कहर म्हणजे २ जुलै २०२५ च्या रात्री जावाहून बालीला येणारी फेरीच बुडाली, ती बातमी पण तिने वाचलेली. ती सामुद्रधुनी वेगळी, बालीच्या पश्चिमेची, आपण जाणार ती पूर्वेची, पण हे मी आईला सांगून उपयोग काय, पाणी ते पाणीच. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही जाऊन या गो, मी हाटेलात बसेन." मला ते नको होतं. बाबा गेल्यानंतर ती पहिल्यांदाच कुठेतरी निघत होती.

कागदपत्रांचं आधी उरकते. आईचा पासपोर्ट ११ एप्रिल २०२६ ला संपत होता, म्हटलं भरपूर वेळ आहे, पण इंडोनेशियात उतरायच्या दिवशी पासपोर्ट किमान ६ महिने शिल्लक लागतो आणि आम्ही उतरणार २५ ऑक्टोबरला, म्हणजे १४ दिवस कमी! हे मला १२ सप्टेंबरला रात्री लक्षात आलं, पोटात गोळाच आला. तत्काळमधे रीइश्यूला टाकला, ३,५०० रुपये, चौथ्या दिवसाची अपॉइंटमेंट मिळाली आणि पुढच्या आठवड्यात पासपोर्ट घरी. तिकिटं काढायच्या आधी सगळ्यांच्या पासपोर्टची शेवटची तारीख बघा, ही गोष्ट मी आता भेटेल त्याला सांगते. व्हिसा ऑनलाइन ई-व्हीओए काढला, माणशी ५ लाख रुपिया, लहान मुलांनाही तेवढाच, ३० दिवसांचा मिळतो. बालीचा वेगळा पर्यटक कर आहे, फेब्रुवारी २०२४ पासून सुरू झालाय, माणशी दीड लाख रुपिया, तो 'लव्ह बाली'च्या साइटवर भरला. हा कर एका ट्रिपला एकदाच, म्हणजे बालीहून लोंबोकला जाऊन परत बालीत आलात तरी देशाबाहेर गेला नसाल तर पुन्हा भरायचा नाही, क्यूआर कोड जपून ठेवायचा. आणि 'ऑल इंडोनेशिया' म्हणून एक ऑनलाइन फॉर्म आहे, पोचायच्या आधीच्या ३ दिवसांत भरायचा, फुकट असतो, पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा.

पैशांचा हिशोब डोक्यात बसायला मला दोन दिवस लागले. शेवटी नवऱ्याने सोपं करून दिलं, तीन शून्यं उडवायची आणि उरलेल्याला साधारण साडेपाचने गुणायचं, म्हणजे १ लाख रुपिया झाले साधारण ५५० रुपये. आईने ते माझ्याआधी पाठ केलं.

तर पर्याय तीन. पहिला, सरकारी मार्गावरची मोठी फेरी, बालीच्या पूर्व किनाऱ्यावरच्या पाडांगबाई बंदरातून लोंबोकच्या लेंबार बंदरात. ट्रक, बस, मोटरसायकली सगळं पोटात घेऊन जाते, दिवसरात्र चालू असते, ४ ते ५ तास लागतात म्हणतात. दुसरा, फास्टबोट, पाडांगबाईहून किंवा सनूर-सेरांगानकडून थेट गिली बेटांवर नाहीतर लोंबोकच्या बांगसाल बंदरात, दीड ते अडीच तास. तिसरा, बालीतल्या डेनपासारहून लोंबोकच्या प्राया विमानतळावर विमान, हवेत जेमतेम अर्धा-पाऊण तास. वाचायला बसलं की जो तो आपलंच बरोबर म्हणतो. फास्टबोटवाले म्हणतात फेरी घाणेरडी, फेरीवाले म्हणतात फास्टबोटीत मरण आठवतं, विमानवाले म्हणतात एवढी कटकट कशाला. नवऱ्याचं मत सुरुवातीला सरळ विमान. पण नोव्हेंबर २०२४ मधे फ्लोरेस बेटावरचा लेवोतोबी ज्वालामुखी उडाला तेव्हा राखेमुळे बालीची कितीतरी विमानं रद्द झाली होती, म्हणजे तेही शंभर टक्के भरवशाचं नाही. शिवाय आईला विमानात चढताना-उतरताना कान दुखतात, डोकं धरतं, ते मुंबईहून जाताना होणारच होतं, अजून दोन विमानं तिच्या माथी नको असं मला वाटत होतं.

मग मी एक गोष्ट केली जी मला सगळ्यात कामाची वाटली. इंडोनेशियाच्या हवामान खात्याला बीएमकेजी म्हणतात, त्यांच्या साइटवर लाटांचा अंदाज असतो, आणि त्यात लोंबोक सामुद्रधुनीचा उत्तर भाग वेगळा, दक्षिण भाग वेगळा दाखवतात. भाषा इंडोनेशियन आहे पण चार शब्द पुरतात: तेनांग म्हणजे शांत, रेंदाह म्हणजे अर्धा ते सव्वा मीटर, सेदांग म्हणजे सव्वा ते अडीच मीटर, तिंग्गी म्हणजे अडीच ते चार. त्यांच्या इशाऱ्यात लिहिलेलं असतं की मच्छीमार होड्यांना सव्वा मीटरपासून धोका आणि फेरीला अडीच मीटरपासून. हे वाचल्यावर माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एकाच दिवशीचा एकच समुद्र छोट्या बोटीला धोक्याचा आणि मोठ्या बोटीला चालण्यासारखा असू शकतो, म्हणजे प्रश्न 'समुद्र कसा आहे' एवढाच नाही, 'आपण कशात बसलोय' हा पण आहे. मी सप्टेंबरपासून रोज सकाळी चहाबरोबर ते पान उघडायचे. जुलै-ऑगस्टमधे आग्नेयेकडून जोराचे वारे असतात, तेव्हा तिथला समुद्र सगळ्यात खवळलेला, डिसेंबर ते फेब्रुवारी पावसाळ्याचे पश्चिमेचे वारे, ऑक्टोबरचा शेवट त्यातल्या त्यात बरा. आईला पण दाखवायला लागले. दहा-बारा दिवसांनी एकदा तिनेच फोन करून विचारलं, "आज काय लिहिलंय गो, रेंदाह का सेदांग?" तेव्हा मला वाटलं जमेल.

२५ ऑक्टोबरला पोचलो, पाच रात्री उबुदला. तिथे रस्त्यावर दर वीस पावलांवर फास्टबोटीच्या तिकिटांचा बोर्ड. भाव बघा कसे, एकाने माणशी साडेसहा लाख सांगितले, त्याच गल्लीत पुढच्याने साडेचार, आणि मी नुसतीच "विचार करून सांगते" म्हणून वळले तर साडेतीनवर आला. एका दुकानदाराला फेरीबद्दल विचारलं तर तो म्हणाला फेरी फक्त ट्रकवाल्यांसाठी, परदेशी लोकांना घेत नाहीत. हे साफ खोटं आहे. आमच्या होमस्टेच्या मालकीणबाई, त्यांना सगळे इबू म्हणतात, इबू म्हणजे आई, त्या हे ऐकून जवळ आल्या आणि त्यांनी पहिला प्रश्न काय विचारला तर आईच्या गुडघ्याकडे बोट दाखवून, "दुखतो?" मी हो म्हटलं. मग त्यांनी हातवारे करून दाखवलं की फास्टबोटीत चढताना बोट वरखाली होते, पाऊल अंदाजाने टाकावं लागतं, आत बसलं की दोन तास उठता येत नाही, बाथरूमची पंचाईत. मोठ्या बोटीत जिना उभा आहे, पण तो एकदाच चढायचा, मग फिरा, झोपा, काहीही करा. पाच आठवडे मी तास आणि पैसे मोजत बसले होते आणि बाईंनी दोन मिनिटांत आईचा गुडघा मोजला. तिथेच ठरलं, जाताना मोठी फेरी. येतानाचं नंतर बघू.

३० ऑक्टोबर, गुरुवार. अंदाज होता उत्तरेला रेंदाह, दक्षिणेला सेदांग. आदल्या रात्री आईला डॉक्टरांनी लिहून दिलेली उलटीची गोळी दिली, सकाळी निघताना अजून एक. (ही गोळी बोटीत बसून मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, आधीच घ्यायची, आणि बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर घरूनच डॉक्टरांना विचारून घ्या.) सकाळी साडेसातला गाडीने निघालो, साडेतीन लाख रुपिया ठरवली होती, ८:५० ला पाडांगबाई. गाडीचं दार उघडायच्या आधीच तीन-चार जण डिकीला हात घालायला लागले, सामान उचलून देतो म्हणून, आणि एकजण ठामपणे सांगत होता की फेरी दुपारी ३ पर्यंत नाही, माझ्याबरोबर फास्टबोटीने चला. नवरा सामानाजवळ उभा राहिला, मी आणि लेक थेट आत टर्मिनलच्या खिडकीवर गेलो. पुढची फेरी तासाभरात होती. तिकीट माणशी ६५ हजार रुपियांच्या आसपास, म्हणजे साधारण साडेतीनशे रुपये! बंदरात कोणी काहीही सांगो, खिडकीपर्यंत चालत जायचं आणि तिथेच विचारायचं.

तिकिटाला नाव आणि वय लिहून घेतात, ते गंभीरपणे द्या, बोटीवर कोण आहे त्याची यादी त्यावरूनच बनते. खिडकीतला मुलगा म्हणाला "नामा?" आणि माझ्या आधी आईनेच आपलं पूर्ण नाव सांगितलं. तिला एकदम बरं वाटलं, नाम म्हणजे नाम. नंतर दिवसभर ती शब्द गोळा करत होती. बोटीला कपाल म्हणतात हे कळल्यावर तिने कपाळाला हात लावून लेकीला दाखवलं, दोघी हसत सुटल्या.

फेरीत पायी जाणाऱ्यांनाही गाड्यांच्याच रॅम्पवरून चढावं लागलं. पायाखाली लोखंड, डिझेलचा वास, ट्रक आत येताना मागे बघत बघत चालायचं, आणि बाजूला उभा लोखंडी जिना, १८-२० पायऱ्या. आईने कठड्याला दोन्ही हातांनी धरून एकेक पायरी घेतली, नवरा मागे, सामान आम्ही दोघींनी दोन खेपांत वर नेलं. पायी जाणाऱ्यांनी चाकाची मोठी बॅग आणूच नये, एका हातात उचलता येईल एवढीच बॅग बरी. वर गेल्यावर मात्र हुश्श झालं, मोठा हॉल, लांबच लांब बाकडी, टीव्हीवर जोरात गाणी, कोपऱ्यात नमाजाची खोली, छोटं कँटीन. मी पहिलं काम केलं ते लाइफ जॅकेट बघायचं. छताजवळच्या कप्प्यांत केशरी जॅकेट रचलेली होती, एक काढून आईला बांधून दाखवलं, बक्कल चालतंय का बघितलं, परत ठेवलं. आई म्हणाली, "रामदासवर हे असतं तर." एवढंच बोलली, मग खिडकीकडे तोंड करून बसली. मी काही बोलले नाही, शेजारी बसून राहिले.

सुटायच्या आधी खाऊ विकणाऱ्या बायका आत येतात, केळीच्या पानात नाहीतर कागदात बांधलेला भात, उकडलेली अंडी, शेंगदाणे, सालाक नावाचं सापाच्या कातडीसारख्या सालीचं फळ. सालाक घ्याच, आतून करकरीत गोडआंबट. भाताच्या पुड्यात शाकाहारी म्हणून दिलं तरी बरोबरच्या साम्बलमधे, म्हणजे मिरचीच्या चटणीत, बहुतेक वेळा तेरासी म्हणजे सुकटाचा गोळा असतो, आई खात नाही म्हणून आम्ही दशम्या, लसणाची चटणी आणि दिवाळीचा उरलेला फराळ बरोबर ठेवला होता, तोच काढला.

१०:३० ला बोट सुटली. पहिला तास काहीच कळलं नाही एवढी हळू. उजवीकडे नुसा पेनिदा बेटाचे कडे, मागे आगुंगचा डोंगर ढगात. मग साधारण मध्यावर पाणी बदललं. लाट मोठी नव्हती, पण समुद्राचा एक पट्टा तेलासारखा गुळगुळीत आणि त्याला लागूनच दुसरा पट्टा उकळी फुटल्यासारखा, छोट्या टोकदार लाटा जागच्या जागी उड्या मारतायत. लेकीने शाळेत केलेला प्रोजेक्ट आज्जीला समजावून सांगितला. पॅसिफिकचं पाणी इंडोनेशियाच्या बेटांमधून हिंदी महासागरात वाहतं, त्यातला मोठा प्रवाह या चिंचोळ्या जागेतून जातो म्हणून पाणी असं घुसळतं. इथे खोली इतकी आहे की हिमयुगात समुद्र शंभर मीटरच्या वर खाली गेला तेव्हा बाली जावाला जमिनीने जोडली गेली पण लोंबोक वेगळंच राहिलं, त्यामुळे दोन्हीकडचे प्राणी-पक्षी वेगळे. वॉलेस नावाचा निसर्ग अभ्यासक १८५६ मधे बालीहून लोंबोकला गेला आणि त्याला पलीकडे एकदम काकाकुवा दिसायला लागले, त्याच्याच नावाने ती रेषा ओळखतात. "म्हणजे आपण आता ती रेषा ओलांडतोय?" आई. "हो, बहुतेक आत्ताच." आई उठून कठड्याशी गेली. स्वतःहून गेली.

त्यानंतर मात्र पाऊण तास बोट डाव्या-उजव्या अंगाला झुलत राहिली, आणि आईचं तोंड पांढरं पडलं. गोळी घेतली होती म्हणून उलटी झाली नाही पण हात गार पडले. समोर हिजाब घातलेली एक बाई दोन मुलांना घेऊन खाली चटईवर बसली होती. तिने न विचारता चटई सरकवली, आईला आडवं व्हायची खूण केली, पर्समधून छोटी हिरवी बाटली काढली आणि दोन थेंब आईच्या कानशिलाला आणि तळहाताला चोळले. मिन्याक कायू पुतिह म्हणतात, आपल्या निलगिरीच्या तेलाच्या जवळचा वास, तिकडे घरोघरी असतं. ती चोळत होती अगदी तसंच जसं आई आम्हाला लहानपणी व्हिक्स चोळायची, अंगठा गोल गोल फिरवून. वीस मिनिटांत आई उठून बसली. शंकरपाळ्यांचा डबा तिच्या मुलांच्या हातात गेला तो रिकामाच परत आला. त्या बाईला आमची भाषा येत नव्हती आणि आम्हाला तिची, पण उतरेपर्यंत तिने आईचा हात सोडला नाही.

तीनच्या सुमारास लेंबारच्या खाडीत शिरलो, दोन्हीकडे हिरवे डोंगर, पाणी तळ्यासारखं. आणि मग बोट थांबली ती थांबलीच. धक्का मोकळा नव्हता, ५० मिनिटं तिथेच. हे नेहमीचं आहे म्हणे, त्यामुळे ४-५ तास हे आकडे वाचताना त्यात तासभर धरूनच चाला, आणि पुढची गाडी नक्की वेळेची ठरवू नका. उतरलो ४:२० ला, बंदराबाहेर टॅक्सीवाल्यांनी चार लाखांपासून सुरुवात केली, अडीच लाखांत लोंबोकच्या किनाऱ्यावरच्या सेंगिगीला, आमच्या मुक्कामाला आलो, ५:४० वाजले होते. दारापासून दारापर्यंत १० तास १० मिनिटं. थकलो होतो, पण आईने त्या रात्री स्वतः मामाला फोन लावला रेवसला आणि पहिलं वाक्य काय, "अरे, बोटीने आले मी."

लोंबोकचं सविस्तर पुन्हा कधीतरी. आई आणि नवरा सेंगिगीलाच राहिले, मी आणि लेक २ तारखेला बांगसालहून गावकऱ्यांच्या लाकडी बोटीने गिली आयरला दोन रात्री गेलो. बांगसालला तिकीट खिडकीवरच घ्या, बोट भरली की सुटते, १५-२० मिनिटांत पलीकडे. कासवं दिसली, तीन.

आता परतीचं. ४ नोव्हेंबरला आम्ही मुद्दाम वेगवेगळे आलो. आईला पुन्हा १० तास नको होते, कानाचं दुखणं एकदा सहन करीन म्हणाली, म्हणून ती आणि नवरा प्रायाहून विमानाने, माणशी साधारण साडेसात लाख रुपिया सामान धरून. छोट्या पंख्याच्या विमानांत सामानाची मर्यादा कमी असते, तिकिटात किती किलो आहे ते वाचूनच बॅग भरा. मी आणि लेक गिली आयरहून फास्टबोटीने, माणशी साडेतीन लाख, त्यात पाडांगबाईहून सनूरच्या हॉटेलपर्यंतची व्हॅन धरलेली. दोघांचा पत्ता एकच, सनूरचं हॉटेल.

फास्टबोट ११ ची होती, आली १२:२० ला. उशीर का, कोणी सांगितलं नाही, धक्क्यावर सावलीही नव्हती. मी चढताना पहिला शब्द विचारला "पेलाम्पुंग?", म्हणजे लाइफ जॅकेट, पोराने सीटखाली बोट दाखवलं, काढून बघितलं, होतं. मागच्या बाजूला, दाराजवळ बसलो, पुढे बसलं की प्रत्येक लाटेला पाठीत दणका बसतो. आणि खरंच सांगते, दणके बसलेच. फेरीत झुललो होतो, इथे आपटत होतो. खिडक्या बंद, आत गरम, पुढच्या रांगेतल्या दोघांना उलट्या झाल्या, त्या वासाने आम्हालाही कससं व्हायला लागलं. लेक सुरुवातीला आरडाओरडा करत मजा घेत होती, तासाभराने माझ्या खांद्यावर डोकं ठेवून गप्प झाली. मला त्या वेळी सारखं हेच वाटत होतं की आईला यात बसवलं नाही ते किती बरं केलं. २:४० ला पाडांगबाई, मग व्हॅनमधे १२ माणसं आणि सामान, त्यात ट्रॅफिक, सनूरला ५:१५. गिली आयरच्या खोलीतून १० ला निघालो होतो, म्हणजे सव्वासात तास.

आई आणि नवरा सेंगिगीहून साडेनऊला निघाले, ११ ला विमानतळ, एकचं विमान २:१० ला उडालं, २:५० ला उतरलं, सनूरच्या हॉटेलात ४ ला. साडेसहा तास. हवेत चाळीस मिनिटं आणि जमिनीवर जवळजवळ सहा तास! आम्ही पोचलो तेव्हा आई अंघोळ करून गॅलरीत चहा पीत होती, कान दुखतच होता. तिने लेकीला जवळ घेतलं, केसांतलं मीठ झाडलं आणि विचारलं, "तुमचं कपाल कसं होतं?"

पैशांत बघितलं तर जाताना चौघांचा खर्च दोन्हीकडच्या गाड्या धरून साडेआठ-पावणेनऊ लाख रुपिया, म्हणजे पाच हजार रुपयांच्या आत. येताना दोघांचं विमान आणि विमानतळापर्यंतच्या गाड्या मिळून वीस लाखांच्या आसपास, आणि आम्हा दोघींचे फास्टबोटीचे सात. पुन्हा गेले तर मी जाताना-येताना फेरीच घेईन, आई बरोबर असली तर येताना विमान. फास्टबोट माझ्यासाठी एकदा झाली तेवढी पुरे, पण ज्यांना थेट गिलीलाच जायचंय, पाठ-गुडघे ठणठणीत आहेत आणि अंदाज रेंदाह दाखवतोय त्यांनी खुशाल घ्यावी, फक्त सकाळची पहिली घ्या, दुपारी वारा वाढतो. कशानेही या, भारतात परतायच्या विमानाच्या आदल्या दिवशी समुद्र ओलांडायचं ठेवू नका. आम्ही मधे एक अख्खा दिवस मोकळा ठेवला होता, तो सनूरला नुसता किनाऱ्यावर बसून घालवला. आईने तिथल्या दुकानातून ती हिरवी बाटली शोधून काढली, एक स्वतःला, एक मामाला.

आणखी एक, मार्चचा बेत करणाऱ्यांसाठी. आपल्या गुढीपाडव्याच्या आसपास बालीचंही नवं शक वर्ष सुरू होतं, आकडा आपला तोच, मार्च २०२६ पासूनचं वर्ष शके १९४८. त्या दिवसाला न्येपी म्हणतात. २४ तास सगळं बंद, विमानतळ बंद, बंदरं बंद, हॉटेलबाहेर पाऊल टाकायचं नाही. २०२६ मधे न्येपी १९ मार्चला, आपला पाडवाही त्याच दिवशी, आणि लगेच एक-दोन दिवसांत रमजान ईद, तेव्हा फेऱ्यांना गावी जाणाऱ्यांची तुफान गर्दी असते. म्हणजे साधारण १६ ते २४ मार्चमधे बाली-लोंबोक ओलांडायचं ठेवू नका, तिकिटं काढली असतील तर आत्ताच तारखा हलवा.